नकाशावरचा बाण कुठून येतो

दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट केंद्राजवळ भौगोलिक ध्रुवाची जागा दाखवणारी एक खूण रोवलेली असते आणि दरवर्षी १ जानेवारीला तिच्यासाठी नवी जागा मोजून काढावी लागते, कारण ज्या बर्फात ती रोवली जाते तो अडीच किलोमीटरहून अधिक जाडीचा बर्फच वर्षाला सुमारे १० मीटर सरकतो. वेगाचा हा आकडा अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. तो बर्फ कुठे चालला आहे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. तो साधारण ४० अंश पश्चिम रेखांशाच्या रोखाने, म्हणजे वेडेल समुद्राकडे निघालेला आहे, आणि तिथवर पोहोचायला त्याला हजारो वर्षे लागणार आहेत.

अंटार्क्टिका आणि ग्रीनलँड इथल्या हिमचादरींच्या वेगाचे नकाशे आता कोणालाही पाहता येतात. मधला संथ भाग एका रंगात, किनाऱ्याकडे धावणाऱ्या हिमनद्या दुसऱ्या भडक रंगात, आणि दोहोंच्या मध्ये झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले उपप्रवाह असे हे चित्र इतके देखणे असते की पाहणाऱ्याची नजर रंगांवरच खिळते. रंग वेग सांगतो. दिशा सांगणारे बारीक बाण कधी त्यावर काढलेले असतात, कधी नसतात, आणि असले तरी ते गृहीतच धरले जातात. मी मुंबईत नकाशांच्या आणि उपग्रहचित्रांच्या कामात आहे, आणि या विषयाचा अभ्यास आवडीने करते. या अभ्यासातून माझे एक ठाम मत झाले आहे: वेगापेक्षा दिशा मिळवणे अवघड आहे, तिच्यामागे अधिक तर्क आणि अधिक गृहीतके उभी आहेत, आणि नकाशा नीट वाचायचा असेल तर त्यावरचा प्रत्येक बाण कसा तयार झाला हे जाणून घ्यायला हवे.

दिशेला इतके महत्त्व कशासाठी, हे आधी सांगते. अंटार्क्टिकाची हिमचादर सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरवर पसरलेली आहे आणि ती सगळी वितळली तर जगातल्या समुद्राची पातळी सुमारे ५८ मीटरने वाढेल. ग्रीनलँडच्या बाबतीत हा आकडा सुमारे ७.४ मीटर आहे. हा बर्फ स्वतःच्या वजनाने पसरतो आणि किनाऱ्याकडे वाहत जातो. मधल्या उंच भागावर पडलेले हिम कोणत्या किनाऱ्याला लागणार, हे हिमविभाजकाच्या रेषेवर ठरते. रेषेच्या एका बाजूचा बर्फ एका समुद्राकडे जातो आणि दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या. प्रत्येक हिमनदीचे असे पाणलोट क्षेत्र आखल्याशिवाय तिच्यावर वर्षभरात किती हिम पडले आणि तिच्या मुखातून किती बर्फ बाहेर गेला, याचा ताळेबंद मांडताच येत नाही. पाणलोटाची हद्द चुकली, तर जमेच्या बाजूला भलत्याच हिमनदीचे हिम धरले जाते, आणि मग खर्चाची बाजू कितीही काटेकोर मोजली तरी उत्तर चुकतेच.

उपग्रह येण्यापूर्वी ही मोजणी पायी चालत होत असे. बर्फात बांबूच्या किंवा धातूच्या काठ्या रोवायच्या, थिओडोलाइट या कोन मोजणाऱ्या दुर्बिणीने त्यांच्या जागा पक्क्या करायच्या, आणि पुढच्या मोसमात परत येऊन त्या किती व कुठे सरकल्या ते पाहायचे. यातून मिळणारी दिशा अगदी निखळ असे, कारण काठीची जुनी आणि नवी जागा जोडली की बाण तयार. परंतु एका मोसमात एखादी तुकडी अशा किती काठ्या रोवणार? एवढ्या मोठ्या खंडाच्या मानाने ते मोजके ठिपकेच होते. पुढे लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या चित्रांतल्या ठळक हिमभेगा वर्षावर्षाच्या अंतराने ओळखून त्यांचे सरकणे मोजता येऊ लागले. मात्र त्यासाठी आकाश निरभ्र हवे, सूर्य क्षितिजाच्या वर हवा आणि बर्फावर ओळखण्याजोगी खूण हवी. आतल्या भागातल्या शेकडो किलोमीटर सपाट, पांढऱ्या पठारावर अशी खूण नसते.

रडारला यातली पहिली अडचण येतच नाही. उपग्रह साधारण सातशे किलोमीटर उंचीवरून स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी नोंदवतो, म्हणून सहा महिन्यांच्या ध्रुवीय रात्रीत आणि दाट ढगांतूनही त्याचे काम चालू राहते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की परत आलेल्या लहरीची केवळ तीव्रताच नोंदली जाते असे नाही, तर तिची फेज, म्हणजे ती आपल्या आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हेही नोंदले जाते. उपग्रह काही दिवसांनी जवळजवळ त्याच कक्षेतून पुन्हा गेला की दोन वेळच्या फेजमधला फरक काढता येतो. दरम्यान बर्फ उपग्रहापासून किंचित दूर गेला असेल किंवा जवळ आला असेल, तर तो या फरकात उमटतो. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाच्या लहरीची लांबी सुमारे साडेपाच सेंटीमीटर आहे. लहर जाऊन परत येत असल्यामुळे बर्फ साधारण २.८ सेंटीमीटर हलला की फेजचे एक पूर्ण आवर्तन होते आणि चित्रात रंगांचा एक पट्टा पूर्ण होतो. हे पट्टे मोजणे म्हणजेच इंटरफेरोमेट्री. १९९१ मध्ये सोडलेल्या ईआरएस-१ या उपग्रहाच्या चित्रांवरून अंटार्क्टिकातल्या रटफर्ड हिमप्रवाहाची अशी मोजणी करून गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ती प्रसिद्ध केली. रडारच्या रोखाने होणारी आडवी हालचाल सुमारे ४ मिलिमीटरपर्यंत ओळखता येते, असे त्यांनी दाखवले. माणूस न पाठवता इतकी सूक्ष्म मोजणी होऊ शकते, ही बातमी हिमशास्त्रातल्या लोकांना केवढी वाटली असेल, याची कल्पना मी अजूनही करत असते.

त्यांच्या त्या विधानातले ‘रडारच्या रोखाने’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून दूरचे जहाज पाहताना ते आडवे चालले असेल तर लगेच कळते, पण सरळ आपल्याकडे येत असेल तर बराच वेळ ते जागीच उभे असल्यासारखे वाटते. फेज मोजणाऱ्या रडारचे नेमके याच्या उलट आहे. त्याला फक्त आपल्यापासूनचे अंतर कळते. बर्फ त्याच्या रोखाशी काटकोनात, म्हणजे उपग्रहाच्या मार्गाला समांतर, कितीही वेगाने वाहत असला तरी दोन्ही वेळचे अंतर तेच राहते आणि चित्रात हालचाल दिसतच नाही. अशा दोन वेळच्या चित्रांच्या एका जोडीतून मिळतो तो वेग असतो खऱ्या वेगाचा एका रेषेवरचा केवळ अंश. त्यात दिशा नसते.

आमच्या इमारतीत भूमापन खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. मी अशी एक जोडी पडद्यावर उघडून त्यांना दाखवली, तेव्हा रंगीत पट्टे बराच वेळ निरखून त्यांनी विचारले, “हे एकाच ठिकाणाहून पाहिलेले आहे ना?” मी म्हटले, “हो काका, एकाच कक्षेतून.” त्यावर ते म्हणाले, “मग दिशा सांगू नकोस. दुसऱ्या ठिकाणाहून पाहिल्याशिवाय बिंदू पक्का होत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते.” संपूर्ण पद्धतीचा गाभा त्यांनी त्या एका वाक्यात सांगितला, असे मला वाटते.

दुसरे ठिकाण मिळते ते उपग्रहाच्या परतीच्या मार्गावर. ध्रुवीय कक्षेतला उपग्रह पृथ्वीच्या एका बाजूने दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो आणि दुसऱ्या बाजूने उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतो, आणि त्याचा अँटेना कायम एकाच बाजूला पाहत असल्यामुळे चढत्या आणि उतरत्या फेरीत जमिनीकडे पाहण्याचा रोख बदलतो. मुंबईच्या अक्षांशावर या दोन फेऱ्यांचे मार्ग जवळजवळ समांतर असतात, म्हणून इथली जमीन खचते आहे का हे रडारने चांगले मोजता येते, पण उत्तर-दक्षिण सरकणे जवळपास पकडता येत नाही. ध्रुवाकडे जावे तसे कक्षेचे मार्ग एकमेकांना मोठ्या कोनात छेदू लागतात आणि दोन रोखांतला फरक वाढतो. हिमचादरी नेमक्या अशाच अक्षांशांवर आहेत, ही या शास्त्राच्या पथ्यावर पडलेली गोष्ट आहे. दोन रोखांवरचे दोन अंश मिळाले की आडव्या प्रतलातला वेग आणि दिशा दोन्ही सोडवता येतात.

तरीही एक अडचण उरतेच, कारण बर्फाची हालचाल तीन मितींत असते आणि आपल्या हाती मोजमापे दोनच असतात. रडार तिरके खाली पाहते, त्यामुळे बर्फ वर-खाली झाला तरी अंतर बदलते, आणि हा बदल आडव्या प्रवाहाचा की उभ्या हालचालीचा हे त्याला ओळखता येत नाही. यावर जो मार्ग रूढ झाला तो असा की बर्फ आपल्या पृष्ठभागाला समांतर वाहतो असे मानायचे, पृष्ठभागाचा उतार उंचीच्या नकाशावरून घ्यायचा, आणि तिसरे समीकरण तिथून मिळवायचे. आतल्या भागात हे गृहीतक बऱ्यापैकी टिकते. पण जिथे बर्फाखालच्या तळ्यात पाणी भरते किंवा त्यातून बाहेर पडते, तिथे वरचा पृष्ठभाग उचलला जातो किंवा खचतो आणि नकाशात खोटा प्रवाह उमटू शकतो. तरंगत्या बर्फाच्या बाबतीत तर भरती-ओहोटीमुळे पृष्ठभाग काही तासांत मीटरभर वर-खाली होतो, आणि तो भाग वेगळा काढल्याशिवाय तिथल्या फेजवरून काढलेल्या बाणावर विश्वास ठेवता येत नाही. याच त्रासदायक गोष्टीचा शास्त्रज्ञांनी उपयोगही करून घेतला: बर्फ जमीन सोडून तरंगू लागतो ती रेषा, म्हणजे ग्राउंडिंग लाइन, शोधण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे भरतीने वाकणाऱ्या बर्फावरचे ते दाट पट्टे. पश्चिम अंटार्क्टिकातल्या पाइन आयलंड हिमनदीची ही रेषा १९९२ ते १९९६ या काळात वर्षाला सुमारे १.२ किलोमीटर मागे हटल्याचे हिमशास्त्रज्ञ एरिक रिनो यांनी याच पद्धतीने दाखवले होते.

आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते, ती म्हणजे शून्य कुठे धरायचा. फेजमधला फरक सापेक्ष असतो. चित्रातला कोणता तरी एक भाग स्थिर आहे हे ठाऊक असेल तरच बाकीच्यांचा वेग ठरतो. त्यासाठी बर्फातून वर आलेला उघडा खडक लागतो. अंटार्क्टिकातले आपले मैत्री केंद्र ज्यावर उभे आहे तो शिर्माकर ओअ‍ॅसिसचा खडकाळ पट्टा या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण त्याच्या एका बाजूला खंडावरून उतरणारा बर्फ आहे आणि दुसऱ्या बाजूला समुद्रावर तरंगणारा. खडक जवळपास नसेल, तर जिथे बर्फ जवळजवळ स्थिर असतो त्या हिमविभाजकाचा आधार घ्यावा लागतो.

हे सगळे संथ बर्फापुरते झाले. ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावरची याकोब्सहाव्न हिमनदी, जिला तिथले लोक सर्मेक कुयालेक म्हणतात, २०१२ च्या उन्हाळ्यात दिवसाला सुमारे ४६ मीटर इतक्या वेगाने वाहत असल्याची नोंद आहे. इतक्या वेगात फेजचे पट्टे एकमेकांत इतके मिसळतात की ते मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. तिथे दुसरी पद्धत उपयोगी पडते, आणि माझ्या मते सगळ्या विषयातली ती सर्वांत विलक्षण कल्पना आहे. रडारचे कोणतेही चित्र जवळून पाहिले की त्यात मिठासारखे पांढरे-काळे कण विखुरलेले दिसतात. याला स्पेकल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये असंख्य सूक्ष्म परावर्तकांकडून आलेल्या लहरींची बेरीज होते, काही एकमेकींना बळ देतात, काही एकमेकींना मारतात, आणि त्यातून ही नक्षी तयार होते. इतर कामांत ती त्रास म्हणून गाळून टाकली जाते. परंतु बर्फाचा पृष्ठभाग फारसा बदलला नसेल आणि उपग्रह त्याच जागेवरून पाहत असेल, तर त्याच तुकड्याची नक्षी दुसऱ्या चित्रातही तीच राहते, फक्त सरकलेली. म्हणजे जिथे डोळ्यांना एकही भेग, एकही खूण दिसत नाही, त्या कोऱ्या बर्फावरही रडारला खुणाच खुणा सापडतात. एका चित्रातली लहानशी चौकट घ्यायची, दुसऱ्या चित्रात ती सर्वांत चांगली कुठे जुळते ते शोधायचे, आणि दोन जागांमधला फरक नोंदवायचा. या फरकाला दोन घटक असतात, एक रडारच्या रोखाने आणि एक उपग्रहाच्या मार्गाच्या दिशेने, त्यामुळे एकाच जोडीतून दिशाही मिळते.

युरोपीय अवकाश संस्थेच्या स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही मोजणी घरच्या संगणकावरही करता येते. याकोब्सहाव्नची सेंटिनेल-१ ची हिवाळ्यातली १२ दिवसांच्या अंतराची जोडी मी वापरते, ज्यात एक पिक्सेल १० मीटरचा असतो. आधी दोन्ही चित्रांना अचूक कक्षेची माहिती द्यायची, मग उंचीच्या नकाशाच्या साहाय्याने ती एकमेकांवर तंतोतंत बसवायची, आणि मग १२८ पिक्सेलची चौकट ठरवून जुळणी सुरू करायची. दिवसाला ३० मीटर जाणारा बर्फ १२ दिवसांत ३६० मीटर, म्हणजे ३६ पिक्सेल सरकतो, म्हणून कमाल वेगाची मर्यादा आधीच वाढवून ठेवावी लागते. नाहीतर सर्वांत वेगवान भागच उत्तरातून वगळला जातो. निकाल उघडला की हिमनदीच्या मधोमध लांब, एकमेकांना समांतर, पश्चिमेकडे रोखलेले बाण दिसतात. दोन्ही कडांना काही किलोमीटरच्या आत वेग झपाट्याने उतरतो आणि तिथले बाण किंचित आत, प्रवाहाकडे वळलेले असतात. बाजूचा बर्फ मुख्य धारेत ओढला जातो आहे हे त्या वळण्यातून स्पष्ट दिसते. मुखापाशी, जिथे हिमखंड तुटून पडतात, तिथे मात्र बाण भलभलत्या दिशांना फाकतात, कारण १२ दिवसांत तिथला बर्फ ओळखू येण्याजोगा उरलेलाच नसतो. जुलैची जोडी घेतली की हाच विस्कळीतपणा वरच्या अंगालाही पसरतो. आपल्याकडे पावसाने जोर धरलेला असतो त्याच दिवसांत ग्रीनलँडच्या कडांवर पृष्ठभागाचा बर्फ वितळत असतो, आणि ओल्या हिमात स्पेकलची नक्षी टिकत नाही.

या पद्धतीची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. सेंटिनेल-१ च्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या चित्रात रडारच्या रोखाने एक पिक्सेल सुमारे २.३ मीटरचा असतो, तर मार्गाच्या दिशेने सुमारे १४ मीटरचा. जुळणी पिक्सेलच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत अचूक धरली, तर १२ दिवसांच्या जोडीत एका दिशेने वर्षाला ७ मीटरची आणि दुसऱ्या दिशेने वर्षाला ४० मीटरहून अधिक चूक संभवते. वर्षाला काही किलोमीटर धावणाऱ्या हिमनदीसाठी हे नगण्य आहे. वर्षाला ५ मीटर सरकणाऱ्या पठारावर मात्र एका जोडीतून काढलेला बाण निरर्थक ठरतो, आणि तोही एका ठरावीक बाजूला, म्हणजे उपग्रहाच्या मार्गाकडे, कललेला असतो. म्हणून शेकडो जोड्यांची सरासरी घ्यावी लागते किंवा फेजकडे परत जावे लागते.

संपूर्ण अंटार्क्टिकाचा नकाशा या दोन्ही पद्धतींच्या मिलाफातून झाला, आणि त्याला वेळ लागला. बहुतेक रडार उपग्रह उजवीकडे पाहतात, त्यामुळे ध्रुवाभोवतीचा मोठा भाग त्यांच्या नजरेत येतच नाही. १९९७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कॅनडाचा रडारसॅट-१ हा उपग्रह कक्षेतच फिरवून डावीकडे पाहायला लावला गेला आणि प्रथमच सबंध खंडाचे रडारचित्र ध्रुवापर्यंत मिळाले. त्यानंतर अनेक देशांच्या उपग्रहांची माहिती एकत्र करून रिनो, मूजिनो आणि शॉइक्ल यांनी २०११ मध्ये पूर्ण खंडाच्या प्रवाहाचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला. वेगवान प्रवाहांची मुळे किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आतपर्यंत पोहोचली आहेत आणि बर्फ बऱ्याच ठिकाणी तळावरून घसरत जातो, हे त्यातून दिसले. परंतु दिशेच्या दृष्टीने मला त्यापुढचा, २०१९ चा नकाशा अधिक मोलाचा वाटतो. याच तिघांनी फेजची मोजमापे खंडाच्या बहुतांश भागावर वापरली आणि सुमारे ८० टक्के क्षेत्रावर वेग वर्षाला २० सेंटीमीटरच्या आत व दिशा ५ अंशांच्या आत आणली. त्यापूर्वी संथ प्रदेशातली दिशा बव्हंशी पृष्ठभागाच्या उतारावरून ठरवली जात होती. बर्फ उताराकडे वाहणार, हा अंदाज. आता ती मोजलेली आहे.

५ अंश या आकड्याचे मोल साध्या गणिताने कळते. वेगाचे पूर्वेकडचे आणि उत्तरेकडचे घटक वेगवेगळे मोजले आणि प्रत्येकात वर्षाला १ मीटरची चूक असली, तर वर्षाला १०० मीटर वाहणाऱ्या बर्फाची दिशा जेमतेम अर्ध्या अंशाने इकडेतिकडे होते. तोच बर्फ वर्षाला १ मीटर वाहत असेल, तर दिशेतली चूक ४५ अंशांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे बाण असून नसल्यासारखाच. आणि हिमविभाजक तर बरोबर तिथेच असतात जिथे वेग शून्याकडे जातो. ज्या रेषेवरून कोणता बर्फ कुणाच्या वाट्याला हे ठरायचे, तिथेच दिशा सर्वांत अस्पष्ट, असा हा पेच आहे. वेगाच्या नकाशात ही अडचण दिसतच नाही; संथ प्रदेश एकाच रंगात रंगलेला असतो आणि तो खात्रीशीर असल्याचा भास होतो.

हे नकाशे स्वतः उतरवून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना आवर्जून करते. त्यात वेगाचे दोन घटक व्हीएक्स आणि व्हीवाय या नावाने असतात आणि त्यांना पूर्व व उत्तर समजण्याचा मोह होतो. ते ध्रुवीय प्रक्षेपाच्या जाळीचे आडवे आणि उभे अक्ष आहेत. दक्षिण ध्रुवावरून निघाले की प्रत्येक दिशा उत्तरच असते, त्यामुळे जाळीवर एकच वाटणारी दिशा वेडेल समुद्राजवळ आणि रॉस समुद्राजवळ होकायंत्राच्या हिशेबाने अगदी वेगळी निघते. रेखांश घेऊन कोन फिरवला नाही, तर खरी दिशा हाती येत नाही. त्याच संचात चुकीच्या अंदाजाचे आणि किती मोजमापे वापरली त्याचे वेगळे थर दिलेले असतात. बाणांआधी ते उघडून पाहावेत, असे माझे सांगणे आहे.

दिशा नीट कळली की तिच्यावर पुढचे बरेच काही उभे राहते. विमानातून रडारने बर्फाची जाडी मोजली जाते ती उड्डाणाच्या रेषांवरच. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात जितका बर्फ एका टोकाने आत आला तितकाच दुसऱ्या टोकाने बाहेर गेला पाहिजे, या नियमाने प्रवाहरेषांच्या आधारे जाडी काढता येते. ग्रीनलँडच्या कडांखालच्या खोल दऱ्या पूर्वी वाटत होते त्यापेक्षा कितीतरी आतपर्यंत समुद्रसपाटीखाली गेल्या आहेत, हे २०१४ मध्ये अशाच पद्धतीने समजले. प्रवाहाची दिशा चुकली असती, तर दरीही भलत्या जागी काढली गेली असती. शिवाय दिशा कायमची नसते. रॉस समुद्राकडे जाणारा कॅम्ब हिमप्रवाह दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी जवळजवळ थांबला, त्याच्या वरच्या अंगाचा बर्फ आजही त्याच्याकडे येतो आहे आणि तिथे तो साठून जाड होतो आहे. उतार बदलला की आज तिकडे जाणारा बर्फ उद्या शेजारच्या प्रवाहाकडे वळू शकतो, आणि हे वळणे आधी बाणांत दिसेल, रंगांत नंतर.

मुंबईत बसून याचा इतका विचार का करावा, असे मला विचारले जाते. अपोलो बंदरला १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद ठेवली गेली आहे, आणि पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवशी पाणी समुद्रात जात नाही हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या हिमचादरीतला बर्फ समुद्रात जातो तिचे गुरुत्वाकर्षण कमी होते, तिच्याजवळची समुद्रपातळी उतरते आणि दूरच्या किनाऱ्यांच्या वाट्याला सरासरीहून अधिक वाढ येते. त्यामुळे जगात एकूण किती बर्फ गेला इतकेच जाणून भागत नाही. तो कोणत्या खोऱ्यातून, कोणत्या किनाऱ्याने गेला हेही आपल्या हिशेबात यावे लागते, आणि ग्रीनलँड काय किंवा अंटार्क्टिका काय, मुंबई दोहोंपासून दूर आहे.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार हा इस्रो आणि नासा यांचा संयुक्त उपग्रह या कामात मोठी भर घालणार आहे, आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. त्याच्यावर सुमारे २४ सेंटीमीटर लांबीच्या लहरींचे एल-बँड रडार आहे आणि आपल्या अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने तयार केलेले, सुमारे ९ सेंटीमीटर लहरींचे एस-बँड रडारही आहे. लांब लहर ताज्या हिमाने आणि वाऱ्याने सहज विस्कटत नाही, आणि तिचा एक पट्टा १२ सेंटीमीटरचा असल्याने अधिक वेगवान बर्फावरही फेज मोजता येते. ध्रुवाजवळच्या आयनावरणाचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, त्रास लांब लहरीला जास्त होतो, तो मात्र काळजीपूर्वक काढावा लागेल. दर १२ दिवसांनी तो त्याच कक्षेत परततो, चढत्या आणि उतरत्या दोन्ही फेऱ्यांत माहिती घेतो, आणि अंटार्क्टिकाचा आतला भाग दिसावा म्हणून कायम डावीकडे पाहतो. ही माहिती सर्वांना विनामूल्य मिळणार आहे. मैत्रीच्या दक्षिणेकडच्या बर्फाच्या चढत्या आणि उतरत्या फेरीच्या जोड्या मी उतरवणार आहे, शिर्माकरचा खडक शून्य धरून दोन्ही रोखांवरून दिशा काढणार आहे, आणि ती २०१९ च्या नकाशातल्या बाणांशी कुठे ५ अंशांच्या आत जुळते व कुठे जुळत नाही, हे पाहणार आहे.